चिन्ह माहीत नसताना गुणू नका

गेल्या महिन्यात रात्री साडेदहाला मावसबहिणीचा फोन आला. ती सिव्हिल इंजिनियर आहे. वाहतूक नियोजनात एमएस करायला तिला अमेरिकेत जायचे आहे आणि त्यासाठी ती जीआरईची तयारी करते आहे.

"जय भीम दादा. मी जीआरई सोडतेय. ज्या विद्यापीठांना जीआरई लागत नाही तिथंच अर्ज करते."

"काय झालं?"

"सराव परीक्षा दिली. गणिताच्या सत्तावीस प्रश्नांपैकी अकरा चुकले. मी इंजिनियर आहे दादा, आणि मला नववी-दहावीचं बीजगणित येत नाही. ती परीक्षा आपल्यासाठी नाही."

बाकीचे सगळे मी ऐकून घेतले, पण 'आपल्यासाठी नाही' हे शब्द खटकले. मी तिला एवढेच म्हणालो की चुकलेल्या अकरा प्रश्नांचे आणि कच्च्या कामाचे फोटो काढून पाठव. बारा वाजता फोटो आले. अकरापैकी सात प्रश्न असमानतेचे होते, म्हणजे क्लासमध्ये सगळे ज्याला 'इनइक्वॅलिटी' म्हणतात त्याचे: कोण मोठे, कोण लहान, किती ते किती यांच्यामध्ये. त्या सातपैकी पाच प्रश्नांत एकच चूक होती. पाच वेगवेगळे प्रश्न, चूक एक.

ती चूक मला लगेच ओळखता आली. दहा वर्षांपूर्वी मी तीच केली होती, आणि तिच्यावरून स्वतःबद्दल तोच निष्कर्ष काढला होता. ती चूक काय आहे, ती का होते आणि तिच्यावरून कुणाची लायकी ठरवणे गणिताच्याच नियमाने कसे चुकीचे आहे, हे सांगण्यासाठी हा लेख.

माझे चौदा हजार

मी परभणी जिल्ह्यातल्या खेड्यातला. दहावीला गणितात जेमतेम पास झालो आणि सुटलो म्हणून कला शाखा घेतली. औरंगाबादला नागसेनवनात मिलिंद महाविद्यालयात अर्थशास्त्र घेऊन बीए केले, पुढे एमए केले. अर्थशास्त्र आवडू लागले तसे बाबासाहेब जिथे शिकले तिथे आपणही शिकावे असे वाटू लागले. आपल्या पिढीत हे स्वप्न कुणाला पडले नाही? कुणीतरी सांगितले की त्यासाठी जीआरई द्यावी लागते.

२०१६ ची गोष्ट आहे. परीक्षेची फी तेरा-चौदा हजारांच्या घरात होती. आईने बचत गटातून कर्ज उचलले. पुण्यात एका क्लासला नाव घातले, कॉट बेसिसवर राहिलो. क्लासमध्ये बहुतेक मुले इंजिनियरिंगची. पहिल्याच आठवड्यात असमानतेचे एक उदाहरण मी चुकवले, तेव्हा शिकवणाऱ्या सरांनी माझे आडनाव पुन्हा एकदा विचारून घेतले आणि हसत म्हणाले, "इथे कोटा नसतो बरं का. इथे डोकं लागतं."

वर्ग हसला. मीही हसलो. हसलो याची लाज मला आजही वाटते.

परीक्षेत गणिताला १४७ गुण पडले. ही परीक्षा गणित आणि भाषा या दोन्ही भागांत १३० ते १७० अशा पट्टीवर मोजतात. म्हणजे शून्य उत्तरे आली तरी १३० मिळतात. त्या हिशेबाने १४७ म्हणजे काय ते समजून घ्या. गावी परतलो. आईने विचारले, "झालं का रं?" मी म्हणालो, "आपल्यासाठी नाही ती परीक्षा." आई काही बोलली नाही. ती गटाचे हप्ते भरत राहिली.

तीन महिन्यांनी रद्दी काढताना सरावाच्या वह्या हातात आल्या. का कुणास ठाऊक, बसलो आणि चुका मोजल्या. शेवटच्या सराव परीक्षेतल्या पंधरा चुकांपैकी नऊ एकाच जातीच्या होत्या. पंधरा वेळा मी मूर्ख ठरलो नव्हतो. एक गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती, आणि तिने मला नऊ वेळा पाडले होते.

ती एक गोष्ट

बहिणीच्या फोटोंतला पहिलाच प्रश्न घेऊ. १/क्ष < २, तर क्षच्या किमती कोणत्या?

तिने काय केले? दोन्ही बाजूंना क्षने गुणले. १ < २क्ष. म्हणून क्ष > १/२. पुढच्या प्रश्नाला गेली.

दिसायला किती स्वच्छ आहे! समीकरणात आपण हेच करतो. १/क्ष = २ असते, तर क्षने गुणून क्ष = १/२ हे उत्तर बरोबरच आले असते. मग इथे काय बिघडले?

मी तिला फोनवर म्हणालो, "क्षच्या जागी उणे पाच ठेव."

"एक भागिले उणे पाच… म्हणजे उणे एक पंचमांश."

"तो दोनपेक्षा लहान आहे की नाही?"

"आहे."

"आणि उणे पाच तुझ्या उत्तरात आहे का?"

थोडा वेळ शांतता. मग म्हणाली, "अख्खी डावी बाजूच सुटली की दादा."

बरोबर. शून्याच्या डावीकडची झाडून सगळी ऋण संख्या तिच्या उत्तरातून गळून पडली होती. खरे उत्तर आहे: क्ष > १/२ किंवा क्ष < ०. तिने अर्धा देश नकाशातून पुसला होता आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता, कारण उरलेला अर्धा बरोबर होता. ही चूक भयंकर आहे ती त्यामुळेच. तिचे उत्तर पूर्ण चुकीचे दिसत नाही, अर्धे बरोबर दिसते. आणि परीक्षेतल्या पर्यायांत ते अर्धे उत्तर मुद्दाम छापलेले असते.

कारण समजून घ्या. बरोबरच्या चिन्हाला दिशा नसते. दोन्ही बाजू सारख्या, म्हणून दोघांना कशानेही गुणा, त्या सारख्याच राहतात. असमानतेला दिशा असते: एक बाजू वर, एक खाली. धन संख्येने गुणले तर दिशा टिकते. ऋण संख्येने गुणले तर दिशा उलटते. शाळेत हा नियम कुणी सांगितला असलाच तर पाठ करायला सांगितला, का ते सांगितले नाही.

मी विहाराच्या अभ्यासिकेत रविवारी शिकवतो तेव्हा किराणा दुकानाची वही सांगतो. माझ्या खिशात २०० रुपये आणि तुझ्या खिशात ५०० रुपये असतील, तर बरा कोण? तू. आता माझी उधारी २०० आणि तुझी उधारी ५०० असेल, तर बरा कोण? मी. आकडे तेच, फक्त जमेचे नावे झाले, आणि वरचा खाली आला. २ < ५, पण उणे २ > उणे ५. ज्याच्या घरात उधारीची वही आहे, त्या पोराला हे दुसऱ्यांदा सांगावे लागत नाही.

आता अडचण बघा. ३ने गुणताना आपल्याला माहीत असते की ३ धन आहे. उणे ४ने गुणताना माहीत असते की दिशा उलटायची. पण क्षने गुणताना? क्ष धन आहे की ऋण, कुणी सांगितले? प्रश्नात दिलेले नसेल, तर आपल्याला माहीत नाही. जो माणूस जमेचा आहे की उधारीचा हेच ठाऊक नाही, त्याला मध्ये घालून आपण हिशेब पुढे रेटतो आणि मनातल्या मनात धरून चालतो की तो जमेचाच असणार.

बहीण इंजिनियर असून का चुकली, ते मला इथेच कळले. तिने चार वर्षे ज्या राशी हाताळल्या, त्या बहुतेक धन होत्या. रस्त्याची लांबी ऋण नसते, तासाला जाणाऱ्या गाड्यांची संख्या ऋण नसते. तिची सवय चुकीची नव्हती, दुसऱ्या कामाची होती.

मग सोडवायचे कसे?

पहिला मार्ग: दोन वाटा करा. क्ष धन असेल तर क्षने गुणून १ < २क्ष, म्हणजे क्ष > १/२. क्ष ऋण असेल तर दिशा उलटून १ > २क्ष, म्हणजे क्ष < १/२. पण या वाटेवर क्ष आधीच ऋण धरला आहे, म्हणून सगळ्या ऋण संख्या उत्तरात येतात. दोन्ही वाटा जोडल्या की पूर्ण उत्तर.

दुसरा मार्ग, जो परीक्षेत जास्त चालतो: संख्यारेषा काढा आणि तुकडे तपासा. समजा प्रश्न आहे, (क्ष − २)(क्ष − ५) < ०. गुणाकार शून्य कुठे होतो? २वर आणि ५वर. या दोन ठिकाणी रेषा तोडा. तीन तुकडे झाले. प्रत्येक तुकड्यातून एक प्रतिनिधी बोलवा. ०ला विचारा: (−२)(−५) = १०, धन. ३ला विचारा: (१)(−२) = −२, ऋण. ६ला विचारा: (४)(१) = ४, धन. आपल्याला शून्यापेक्षा लहान हवे, म्हणून उत्तर २ आणि ५च्या मधला तुकडा. सूत्र नाही, पाठांतर नाही. ज्याला वजाबाकी आणि गुणाकार येतो, त्याला हे येते.

बहिणीची दुसरी चूक याच पद्धतीने सुटली. क्षचा वर्ग ९पेक्षा मोठा, तर क्ष > ३ असे तिने लिहिले होते. रेषा −३ आणि ३वर तोडली असती तर −१० हा प्रतिनिधी ओरडून म्हणाला असता, माझाही वर्ग शंभर आहे. उत्तर: क्ष > ३ किंवा क्ष < −३.

तिसरी चूक मला जास्त आवडली. अ हा −२ ते ३ यांच्या दरम्यान आहे, ब हा −४ ते १ यांच्या दरम्यान (टोके धरून). अ आणि ब यांच्या गुणाकाराची सर्वांत मोठी किंमत किती? तिने मोठ्यात मोठे घेतले: ३ गुणिले १, उत्तर ३. पण चारही टोके तपासा. ३ × १ = ३. ३ × (−४) = −१२. (−२) × १ = −२. आणि (−२) × (−४) = ८. सर्वांत मोठे उत्तर दोन सर्वांत खालच्या टोकांपासून आले. वरच्यांकडे बघून 'मोठे इथूनच येणार' असे धरून चालले की हा ८ दिसतच नाही.

आणखी एक सापळा थोडक्यात सांगतो. दोन असमानतांची दिशा एकच असेल तर त्यांची बेरीज करता येते, वजाबाकी नाही. ५ > ३ आणि ४ > १ दोन्ही खरे. बेरीज ९ > ४, ठीक. वजाबाकी केली तर डावीकडे १ आणि उजवीकडे २. मोठा लहान झाला.

चौथा पर्याय

जीआरईत एक खास प्रकारचा प्रश्न असतो. दोन रकाने देतात, अ आणि ब. प्रत्येकात एक राशी. पर्याय कायम तेच चार: अ मोठा, ब मोठा, दोन्ही समान, किंवा दिलेल्या माहितीवरून ठरवता येत नाही.

उदाहरणार्थ, क्ष शून्य नाही एवढेच सांगितले आहे. रकाना अ: क्ष. रकाना ब: १/क्ष. बहिणीने 'अ मोठा' निवडले. मनात २ घेतला असणार, २ आणि १/२. पण क्ष = १/२ घ्या, ब मोठा झाला. क्ष = १ घ्या, दोन्ही समान. क्ष = −२ घ्या, तर १/क्ष म्हणजे −१/२, पुन्हा ब मोठा. क्ष = −१/२ घ्या, आता अ मोठा. उत्तर आहे चौथा पर्याय: ठरवता येत नाही.

माझ्या नऊ चुकांपैकी चार या जागी होत्या. एकदाही मी चौथा पर्याय निवडला नव्हता. का? मला वाटायचे की 'ठरवता येत नाही' म्हणजे 'मला येत नाही'. ज्याला येत नाही तोच असे म्हणतो. बाकी मुले तर कुठलेतरी उत्तर ठोकत होती. शाळेत 'माहिती अपुरी आहे' असे म्हणणारे पोर मी पाहिले नव्हते. सर विचारतील, तू सांगायचे, नाही सांगितले तर छडी.

मित्रांनो, 'माहिती अपुरी आहे' हे उत्तर आहे. तेही सिद्ध करावे लागते. एक किंमत अशी शोधा की अ मोठा होईल, दुसरी अशी की होणार नाही. दोन सापडल्या की सिद्ध झाले. त्यासाठी माझी पाच नावांची यादी आहे: मोठी धन संख्या, ० आणि १ यांच्यामधला अपूर्णांक, शून्य, ऋण अपूर्णांक आणि मोठी ऋण संख्या. आपल्या डोक्यात 'संख्या' म्हटले की २, ३, ५ अशीच मंडळी येतात. अपूर्णांक आणि ऋण संख्या कायम वस्तीबाहेर. त्यांना मुद्दाम आत बोलवावे लागते. १/२चा वर्ग १/४ होतो, म्हणजे वर्ग केल्यावर संख्या लहान होते, हे त्यांना विचारल्याशिवाय कळत नाही.

उलट खबरदारीही सांगतो. दोन्ही रकान्यांत फक्त आकडे असतील, अज्ञात काहीच नसेल, तर चौथा पर्याय कधीच बरोबर नसतो. तिथे हिशेब करावाच लागतो. अपुऱ्या माहितीचा आधार आळसासाठी घ्यायचा नाही.

गुणवत्ता यादीला चौथा पर्याय का नाही?

हे सगळे झाल्यावर बहीण म्हणाली, "दादा, मग ही परीक्षा आमच्या मार्कांवरून जे ठरवते, त्याला चौथा पर्याय का नसतो?"

मला वाटते, या प्रश्नासाठी तिला जीआरईबाहेर आणखी दहा गुण द्यायला हवेत. आपण तो नीट मांडू.

रकाना अ: एका विद्यार्थ्याची क्षमता, गुण १६०. रकाना ब: दुसऱ्याची क्षमता, गुण १५५. कोण मोठे? बाजारात उत्तर तयार आहे. पण आपण आत्ताच शिकलो त्या पद्धतीने विचारा. अज्ञात काय आहे? कुणाच्या घरी गणित सांगणारे होते, कुणाला किती महिने नोकरी न करता अभ्यास करता आला, कुणी परीक्षा तिसऱ्यांदा दिली आणि कुणी एकदाच. ही सगळी क्ष आहेत आणि त्यांचे चिन्ह आपल्याला माहीत नाही. चिन्ह माहीत नसताना गुणून मोकळे होणे, ही जी चूक केल्याबद्दल परीक्षा पोरांचे गुण कापते, तीच चूक गुणवत्तेच्या नावाने भांडणारे लोक रोज करतात. परीक्षा घेणारी ईटीएस ही संस्था स्वतः मान्य करते की प्रत्येक गुणात मापनाची त्रुटी असते, आणि विद्यापीठांना सांगते की एकट्या गुणांवरून प्रवेश ठरवू नका. म्हणजे मोजपट्टी बनवणारा सांभाळून बोलतो, आणि मोजपट्टी हातात घेऊन मिरवणारा बेधडक.

एक खरे उदाहरण देतो. रकाना अ: १९०७ सालचा मॅट्रिकचा एक विद्यार्थी, गुण ७५०पैकी २८२. म्हणजे ३७.६ टक्के. रकाना ब: त्याच वर्षीचा, त्याच्यापेक्षा जास्त गुण मिळवलेला कुठलाही विद्यार्थी घ्या. अर्थशास्त्रात कोण पुढे जाईल? त्या दिवशी गुणवत्ता यादीने एका क्षणात उत्तर दिले असते. रकाना अमधला मुलगा म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर. त्याच मुलाने पुढे १९१५ मध्ये कोलंबियातून एमए केले, १९२३ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधून रुपयाच्या प्रश्नावर डीएससी मिळवली.

त्या २८२ मागचा क्ष काय होता? धनंजय कीर यांनी चरित्रात एल्फिन्स्टन हायस्कूलमधला प्रसंग सांगितला आहे. शिक्षकांनी भीमरावांना उदाहरण सोडवायला फळ्यापाशी बोलावले आणि वर्गात गलका झाला. मुलांचे जेवणाचे डबे फळ्यामागे ठेवलेले होते, ते बाटतील म्हणून. डबे हलवले गेले आणि मगच त्यांना फळ्याला हात लावता आला. ज्याला उदाहरण सोडवण्याआधी डबे हलण्याची वाट बघावी लागते आणि ज्याला लागत नाही, त्या दोघांच्या गुणांमध्ये तुम्ही मोठे-लहानचे चिन्ह कोणत्या तोंडाने लावता?

पण थांबा

हे वाचून कुणी म्हणेल, बघा, परीक्षाच खोटी, सोडून द्या. मी याच्याही विरोधात आहे, आणि हे आपल्याच माणसांना सांगायचे आहे.

आपल्या चळवळीत हल्ली हा सूर वाढला आहे. जी परीक्षा अवघड, ती 'त्यांची'. गणित त्यांचे, इंग्रजी त्यांचे, मग आपले काय? १४७ गुण पडल्यावर मी आईला 'आपल्यासाठी नाही' म्हणालो, तेव्हा मला ते बंड वाटले होते. ते बंड नव्हते. क्लासच्या सरांनी जे हसत सांगितले होते, तेच मी रडवेल्या तोंडाने पुन्हा म्हटले होते. दोघांचे उत्तर एकच. दोघांनीही चिन्ह न तपासता गुणले होते: सरांनी धरले की माझ्यात डोके नाही, मी धरले की परीक्षेत अर्थ नाही. नऊ चुकांमागे एक न शिकवलेला नियम आहे, हे दोघांनीही पाहिले नाही.

परीक्षेवर टीका करण्याचा आपला अधिकार पक्का आहे. पण ती सोडवता येणाऱ्याने केलेली टीका जास्त लागते. बाबासाहेबांनी फळ्यापाशी जाणे सोडले नाही.

बहिणीला मी हेही सांगितले की अनेक विभागांनी गेल्या काही वर्षांत जीआरई ऐच्छिक केली आहे, तेव्हा न देता अर्ज करण्यात कमीपणा काहीच नाही. विचार करून सोडलीस तर ठीक, घाबरून सोडू नकोस. तिने परीक्षेची तारीख ठेवली.

माझे म्हणाल तर सहा महिन्यांनी पुन्हा परीक्षा दिली आणि १६१ गुण मिळाले. मेंदू तोच होता. शिष्यवृत्तीच्या यादीत नाव आले नाही, म्हणून मी गेलो नाही. गटाचे कर्ज मात्र माझ्या पहिल्या पगारातून फेडले. आज अभ्यासिकेत शिकवतो ते त्या कर्जाचे व्याज आहे.

या रविवारी काय कराल?

ज्यांना बँक, एमबीए किंवा जीआरई अशी कुठलीही परीक्षा द्यायची आहे, त्यांनी हे करून पाहा.

एक, चुकांची वही घाला. चूक लिहा आणि तिची जात लिहा: चिन्ह न तपासता गुणले, अपूर्णांक विसरलो, ऋण बाजू सोडली, प्रश्न नीट वाचला नाही. पंधरा दिवसांनी मोजा. तुमच्या चुका मोजक्याच दोन-तीन जातींच्या निघतील, असा माझा अनुभव आहे.

दोन, क्षने गुणायच्या आधी पेन खाली ठेवा आणि विचारा: याचे चिन्ह मला कुणी सांगितले? बेरीज-वजाबाकी बिनधास्त करा. दोन्ही बाजूंना तेवढेच मिळवले किंवा काढले तर दिशा बदलत नाही. थांबायचे ते गुणाकार-भागाकाराला.

तीन, उत्तर आले की एक ऋण संख्या आणि एक अपूर्णांक घालून पाहा. दहा सेकंद लागतात. जीआरईत आता पहिल्या गणित विभागात २१ मिनिटांत १२ प्रश्न आणि दुसऱ्यात २६ मिनिटांत १५ प्रश्न असतात, म्हणजे प्रश्नाला साधारण पावणेदोन मिनिटे. त्यातली दहा सेकंद परवडतात. पहिला विभाग कसा जातो त्यावर दुसऱ्याची काठिण्यपातळी ठरते, म्हणून सुरुवातीला घाई नको. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा कोरे काही सोडू नका.

चार, पैसे क्लासला देण्याआधी फुकटचे वापरा. ईटीएसच्या संकेतस्थळावर पूर्ण लांबीच्या दोन सराव परीक्षा मोफत आहेत. खान अकॅडमीवर असमानतेचे धडे मोफत आहेत. एकट्याने होत नसेल तर विहारात चौघे बसा. एकाला येते ते चौघांचे.

आणि ज्यांना या परीक्षा द्यायच्या नाहीत, पण धाकटी भावंडे आहेत, त्यांनी हे एकच करा. पोराला सात वेळा चुकताना पाहून सात वेळा बोल लावू नका. त्याच्या सात चुका शेजारी शेजारी ठेवा. बहुतेक वेळा एकच गोष्ट त्याला कुणी सांगितलेली नसते. ती सांगा.